सुट्टीच्या दिवशी एक माग

कांडी तिचं नाव.
पिल्लू असताना मागाशेजारच्या डब्यातून
सुताची कांडी तोंडात धरून पळाली,
निळं सूत पार गल्लीच्या नाक्यापर्यंत उलगडत गेलं,
म्हणून.
हे मला अंबादास गुर्रम यांनी तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा आत्ताच आठवल्यासारखं.
मी तिन्ही वेळा ऐकलं.
कॉलेजात शिरा शोधायला शिकवतात,
हे शिकवत नाहीत.

वय तेरा. मूत्रपिंडं गेलेली.
सोलापूरचा एप्रिल, बेचाळीस अंश,
पत्र्याखाली किती ते विचारू नये.
सलाईनची बाटली मागाच्याच खिळ्याला टांगली.
राजमणीबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या,
आणि पंचवीसचा कट्टा
कधी तेवीसचा भरत होता, कधी सत्तावीसचा.
आधी दहीभात, मग नुसतं दही,
मग बोटाला लावलेलं पाणी.
चौथ्या दिवशी कांडीनं बोटही चाटलं नाही.

“तुमची असती तर काय केलं असतं वो, डॉक्टर?”
हा प्रश्न मला दाराशी चपला काढतानाच भेटतो,
दाजी पेठेत, विजापूर रोडच्या बंगल्यात, सगळीकडे.
एरवी मी रिपोर्टमधले आकडे पुढे करते.
त्या दिवशी म्हणाले,
माझी होती एक.
मी तीन दिवस उशीर केला.
ते काही बोलले नाहीत.
मागावरचा तुटलेला धागा शोधून
गाठ मारत बसले.

स्रवंती चौथीत.
“सुई दुखंल?”
टोचताना दुखेल. नंतर नाही.
राजमणीबाई खुणावत होत्या,
झोपणार आहे म्हणून सांगा की.
नाही सांगितलं.
झोप हा शब्द त्या पोरीला रोज रात्री लागणार.
मरणार आहे, म्हणाले.
ती पोटात पाय घेऊन रडली, बराच वेळ,
मग उठून कांडीचं पाण्याचं भांडं
राखेनं लख्ख घासून आणलं.
कशासाठी, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

सुट्टीचा दिवस मी निवडला होता.
माग बंद असतील, शांत असेल,
असं वाटलेलं.
इथं मी चुकले.
कांडी ऊर फुटल्यासारखी धापा टाकत
मान उचलून इकडं तिकडं बघत होती,
कान काहीतरी शोधत होते.
तेरा वर्षं ती खटखटीतच निजली,
धोट्याच्या येण्याजाण्यात.
शांतता तिला कुणी दाखवलीच नव्हती.

मला कळलं नाही, अंबादासना कळलं.
ते उठले आणि एका मागाचं बटण दाबलं.

खटक् खटक्, खटक् खटक्.
जमीन हलायला लागली, बाटली हलायला लागली,
आणि कांडीनं मान
राजमणीबाईंच्या पावलावर टेकवली.

मी सुई दिली.
स्टेथोस्कोप कानाला लावला तर
आत मागच धडधडत होता.
काढून ठेवला. तळहात ठेवला बरगडीवर.
स्रवंतीचा हात माझ्या हाताशेजारी आला,
मी सरकून जागा दिली.
हादरे जमिनीचे कुठले, तिचे कुठले,
ते वेगळं करायला वेळ लागला.
मग मी मान हलवली
आणि त्यांनी माग थांबवला.

तेवढ्यात चादर वीतभर पुढे गेली होती.

अक्कलकोट रोडला भावाच्या प्लॉटवर पुरली.
मुरूम कठीण, पहार दोघांनी आळीपाळीनं मारली.
फी मी घेतली; नको म्हटलं असतं
तर त्यांना वाईट वाटलं असतं.

आठवड्यानं फोन केला. करते मी.
राजमणीबाई म्हणाल्या, ठीक आहे सगळं,
पोरगी शाळेत जाती.
मग म्हणाल्या, सूप अजून डावीकडंच घेते वो मी,
उजवी मांडी रिकामी ठेवून.
अवघडतं.

मी म्हटलं, घ्या. अवघडू दे.

पलीकडे माग चालू होते,
दोघीही जरा वेळ
तेच ऐकत राहिलो.